तेरावी मेंढी

शाळेत पहिल्यांदा 'फा' गिरवलं, तराफ्याचं अक्षर:
वर बांबू, खाली माणूस,
माणसाच्या शेजारी टेकवलेलं शस्त्र.
घरी येऊन बाबांना वही दाखवली.
त्यांना वाचता येत नसे. बराच वेळ बघून म्हणाले,
"यात बांबू कशाला? मेंढ्या कुठायत?"

तेरा मेंढ्या.
पोटाला सुरी न लावता मानेकडून सोललेल्या,
मीठ आणि जवसाचं तेल पाजून उन्हात धरलेल्या.
तीन पाय घट्ट आवळायचे, चौथ्यातून बाबा फुंकायचे,
गाल गाडग्याएवढे, डोळे लाल,
आणि मेलेली मेंढी पुन्हा मेंढीएवढी व्हायची,
पाय वर करून, जराशी लाजल्यासारखी.
वर वाळुंजाच्या काठ्यांची चौकट. झाला तराफा.

पिवळी नदी आमच्या दारात पिवळी नसते.
भिजलेल्या मातीच्या भिंतीचा रंग असतो तिला.
तिच्यावरून बाबांनी नेली कलिंगडं, लोकर,
एक शिवणयंत्र, एक रुसलेली नवरी,
आणि एकदा, त्यांच्या म्हणण्यानुसार, अख्खा बैल,
जो मध्यधारेत उभा राहून पलीकडच्या गायीला हंबरला.
आई चुलीपाशून म्हणायची, "फुंका."
आमच्याकडे बढाईखोराला म्हणतात गाईचं कातडं फुंकणारा.
मेंढीचं एका छातीत भरतं,
गाईचं भरलेलं कुणी पाहिलेलं नाही.

उताराला माणूस तराफ्यावर, चढाला तराफा माणसावर.
संध्याकाळी बांधावरून एक अवाढव्य कासव यायचं,
त्याला बाबांचे पाय असायचे.

घरात काही शब्दांना मनाई होती.
उलटणं नाही. बुडणं नाही. फुटणं तर नाहीच.
तव्यावरचा मासा परतायचा असला तरी
आई म्हणायची, "त्याची दुसरी बाजू येऊ दे."
म्हणून डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरून
जे सांगितलं, ते घरी सांगताना
बाबांना शब्दच मिळेना.
भोक म्हणता येईना, पाणी शिरलंय तेही नाही.
शेवटी म्हणाले, "तेल द्यायला झालंय."

शिहाईने, माझ्या भावाने, पंप आणला.
बाबा त्याच्याकडे बघेनात.
"ज्याला धाप लागत नाही
त्याच्या भरवशावर नदीत कसं उतरायचं?"

जर्दाळू पिकायच्या आत ते गेले.
भिंतीला टेकवलेल्या तराफ्यात
एकेक करत बारा मेंढ्या खाली बसल्या.
तेरावी टम्म.
मी तिला कुणाला हात लावू देईना.
शेजारच्या तुओ काकूंना सांगितलं, यात बाबा आहेत.
त्यांनी मान हलवली, आणि अंडी ठेवून गेल्या.

मग एका सकाळी आई तेलाचं भांडं घेऊन आली.
"कोरडी पडली तर फुटेल."
तो शब्द. मोठ्याने. तराफ्यासमोर.
आणि गाठ सोडली.

फार वेळ चाललं नाही ते.
कांदा, तंबाखू, जुनं तेल.
आईने तोंड फिरवलं नाही.
"बैल नव्हता," ती म्हणाली, "वासरू होतं.
माझ्या माहेरचं. हंबरलं मात्र खरंच.
आणि मी रुसले नव्हते, मला भीती वाटत होती."

आतून बाहेरून तेल चोळलं तिने,
तळहाताने, सावकाश, पोरीचे केस माखावेत तसं.
तीन पाय आवळले.
चौथा माझ्या हातात दिला.