झडप, सड्यावर उघडी

टर्बोच्या गाडीला मुळात आवाज कमी.
धूर सायलेन्सरपर्यंत पोचायच्या आधी
वाटेत एक चाक बसलेलं असतं,
नखाएवढ्या पात्यांचं, मिनिटाला लाखभर फेरे घेणारं.
धुराचा सगळा राग तेच खातं
आणि इंजिनाला फुंकर म्हणून परत देतं.
मागून जे बाहेर पडतं ते
खरकटं.

हे मी विघ्नेश सारंगला सांगितलं.
तो म्हणाला, "माका ताच व्हया. मोठा करून."

मग मी सायलेन्सर कापला.
आत भोकाभोकांची नळी, भोवती काचेचा कापूस,
काळा पडलेला, ओला,
आणि आडवे दोन पत्रे, ज्यांच्यावर आवाज
डोकं आपटून आपटून दमतो.
पंचवीस वर्षं मी ट्रॉलरांची धुराडी जोडली,
त्यांत यातलं काही नव्हतं.
सरळ पाइप, आभाळाकडे तोंड.
समुद्रात कोण तक्रार करणार?

दोन वाटा केल्या. एक जुनी, कापसातून.
एक सरळ. सरळ वाटेवर झडप,
मधून दांडी, दांडीला बोटाएवढी मोटर,
आणि चावीच्या जुडग्यात एक बटण.
"घराकडे बंद," तो म्हणाला, "बाबा दिवसाचे निजतत."
सड्यावर उघडी.

रात्री जामसंड्याच्या पुढे, कलमं संपून कातळ लागतो तिथे,
तो पाय दाबायचा. मला गॅरेजात कळायचं.
पाय काढला की पाइपात फटाकडी.
दोन हजार फेऱ्यांवर मात्र एक घुमारा धरतो,
तो बाहेर कुणाला ऐकू येत नाही,
आत बसणाऱ्याचंच डोकं उठवतो.
हे मी त्याला आधी सांगितलं नव्हतं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या,
आणि खाऱ्या वाऱ्याने दांडी धरली.
झडप उघडी ती उघडीच.
मोटर कुरकुरली, तिचे प्लास्टिकचे दात गेले.
नव्या मोटरीला पैसे नव्हते, गाडीचेच हप्ते चालू.

तेव्हा पाहिलं ते सांगतो.
भर दुपारी, बर्फाच्या कारखान्यापाशी
तो इंजिन बंद करायचा, दार उघडून खाली उतरायचा,
एक हात स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या खांबाला,
आणि एकशे चाळीस घोड्यांची लाल गाडी
स्लिपरा घासत घरापर्यंत ढकलत न्यायचा.
पोरं हसायची. त्यांनाही
ओठांवर बोट ठेवून दाखवायचा.

मी काही बोललो नाही.
मला एकट्यालाच ठाऊक होतं, जयवंत सारंगला
आता ढग फुटला तरी ऐकू येत नाही.
वीस वर्षं सहा सिलिंडरच्या झाकणावर बसून जाळी ओढली.
आधी उजवा कान गेला, मग डावा.
घरात मान डोलवून वेळ मारून नेतो.
त्या होडीचा पाइप माझा.
एकदा आला होता विचारायला, सायलेन्सर बसवतोस का म्हणून.
मी म्हटलं, ओढ कमी होईल.
तेव्हा तसंच म्हणायची पद्धत होती.

परवा संध्याकाळी तो आला.
गाडी जॅकवर, नवी मोटर बसवलेली,
नवी दांडी स्टेनलेसची.
खाली वाकून त्याने पाइपावर पंजा ठेवला
आणि मला मानेने खूण केली, चालू कर.

"बंद," तो म्हणाला.
मी बटण दाबलं.
"उघडी."
परत दाबलं, नुसतं दाबल्यासारखं केलं.
"उघडीच हा. माका फसवतंस?"

पाइप तापला तेव्हा हात काढला, लुंगीला पुसला,
आणि बहिऱ्यांच्या त्या मोठ्या आवाजात,
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, कुजबुजला:
"तेका सांगू नको.
ढकलूंदे.
खिडकेतसून बघतंय मी."

दांडीला कॉपर ग्रीस लावतात, मीठ धरू नये म्हणून.
डबा तिथेच होता, हाताशी.
लावायचं राहून गेलं.