रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निकानोर

आमच्या पाटीवर लिहिलंय : निकानोरची तांबोशी.
समोरच्या पाटीवर : निकानोरची अस्सल तांबोशी.
मध्ये अकरा पावलांचा रस्ता
आणि एक कुत्रं, जे दोन्हीकडचे काटे खातं
अन् कुणाचीच बाजू घेत नाही.

निकानोर म्हणजे आमचे बाबा.
त्यांच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या त्या संध्याकाळी
एवारिस्तोने भिंतीवरची लोखंडी जाळी उतरवली,
खांद्यावर टाकली आणि रस्ता ओलांडला.
वाटणी अशी झालीच नाही.
त्याच्या हाताला जाळी लागली,
माझ्या हाताला वही.

वहीत बाबांचं अक्षर, तेलाने पारदर्शक झालेलं :
सुक्या लाल मिरच्या बारा. लसूण मूठभर.
लिंबं, लागतील तेवढी.
आणि तळाशी पेन्सिलीने :
बाकीचं निखारा सांगेल.

खारफुटीच्या लाकडाचा तो निखारा आता समोर.
वारा पश्चिमेकडून आला की
त्याचा धूर माझ्या टेबलांवर येऊन बसतो,
ऑर्डर न देता.

आई सकाळची कॉफी माझ्याकडे घेते,
दुपारी त्याच्याकडे जेवते.
कुणाचं बरं, असं कुणी विचारलंच, तर म्हणते,
चार दात उरलेत बाबा,
मऊ लागेल ते खाते.

तेपिकहून येणारे पाहुणे गाडी मध्येच थांबवतात,
दोन्ही पाट्या वाचतात,
आणि ‘अस्सल’कडे वळतात.
एक शब्द मी कमी लिहिला,
त्याचा हिशेब रोज रात्री गल्ल्यात लागतो.

ऑगस्टात वादळाने खांब पाडले.
वीज गेली, बर्फाचा ट्रक आलाच नाही,
आणि माझ्याकडे बावीस तांबोश्या,
कासिमिराच्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या,
आगाऊ पैसे घेतलेल्या.
समोर जनरेटर घरघरत होता.

रात्री अकराला मी टब ओढत निघाले.
अकरा पावलं. कधी एवढी मोजली नव्हती.
प्रत्येक शेपटीला लाल दोरा बांधला होता,
त्यांच्या माशांत मिसळायला नकोत म्हणून.
निदान दोऱ्याला मी तसंच सांगितलं होतं.

लेओकादियाने दार उघडलं.
काही बोलली नाही.
वहिनी माझ्याशी बोलत नाही, तशीच नाही बोलली,
फक्त फ्रीजरमधली कालवं एका बाजूला सारली
आणि पदराला नव्हे, ॲप्रनला हात पुसले.
हे काय लिहिलं मी? पदर कुठून आला?
माझी आजी शाल घ्यायची, तिच्या टोकाला पुसायची.
तेच आठवलं असणार.

सकाळी टब माझ्या उंबऱ्याशी.
मोजले. बावीस. दोरे जागच्या जागी.
पण खवले काढलेले, कल्ले साफ,
आणि चीर पाठीतून.
पोटातून नाही, कण्याच्या कडेकडेने,
डोकं अखंड, मासा वहीसारखा उघडा,
बाबांची सुरी जायची तशी.

सहा वर्षं मी पोटातून चिरतेय.
वहीत चीर लिहिलेली नव्हती.

आणि कोपऱ्यात, बशीखाली झाकलेली वाटी :
गाभोळी.
लहानपणी त्यावरून आम्ही मारामारी करायचो.
मी चावायचे, तो रडायचा,
बाबा कधी त्याला द्यायचे, कधी मला,
बहुधा जो कमी ओरडेल त्याला.

आभार मानायला मी गेले नाही.
तोही आला नाही.
मसाल्याच्या तीन बरण्या भरल्या, झाकणं लावली,
एक उगाच काउंटरच्या टोकाला ठेवली, रस्त्याच्या बाजूला.
आठवडाभर ती तिथेच.
धूळ बसायची, मी पुसायचे.

आज कॉफी संपवून आई उठली.
दुपारच्या जेवणाला निघाली, नेहमीसारखी,
कुत्र्याला हाड्‌ म्हणत.
तिची पिशवी जरा जड दिसली.

मी बरण्या मोजल्या नाहीत.