आठ लाख

बत्तीस लाखांपर्यंत जाऊ शकतो, असं त्याची स्वतःचीच फाइल सांगते.
आणि तिच्या खालची फाइल सांगते: आठ लाख.
किलोहर्ट्झ हे, रुपये नव्हेत,
पण हर्णैत आकडा ऐकला की मान आपोआप बंदराकडे वळते,
कोणाची बोली, कुठल्या पापलेटावर अडकली.

वहीएवढा काळा डबा. दापोलीची एक पतपेढी बुडाली
तेव्हा खुर्च्यांच्या ढिगाबरोबर आला, साडेचार हजारांत.
मागच्या खोलीत, फळीवर, जाळ्याच्या बोयांशेजारी बसून
सोसायटीच्या पावत्या वाचतो:
चौदा वर्षांच्या, ओल खाल्लेल्या, निळ्या कार्बनच्या,
एकेक अक्षर उलगडत.
पानाला नऊ सेकंद लागायचे.
दसऱ्यापासून चाळीस.

आधी ऑक्टोबरवर संशय घेतला.
झाकण काढलं. पंख्यात धूळ, दोन मुंग्या
आणि मासळीचं एक खवलं, ते आत कसं गेलं देव जाणे.
फुंकलं, पुसलं. तापमान त्रेचाळीस,
तेवढं तर माझं डोकंही तापलं होतं.
आठ लाख.

मग गव्हर्नर.
वेग ठरवणाऱ्याला हेच नाव ठेवलंय कोणीतरी.
'काटकसर' पुसून 'पूर्ण जोर' लिहिलं.
वाचून पाहिलं: पूर्ण जोर.
आणि वेग?
आठ लाख.
ड्रायव्हर बदलला, जुना परत आणला,
खालची हद्द ओढून सोळा लाखांवर नेली.
तो हो म्हणाला,
आणि आठानेच चालत राहिला,
होय-होय म्हणणाऱ्या जावयासारखा.

संध्याकाळी धाकू चोगले आला, डिझेलची बिलं द्यायला.
संगणकातलं आपल्याला काही कळत नाही, हे तो आधीच सांगतो.
"इंजिन वर चढत नाय? मग इंजिनालाच कशाला ठोकतेस, विशाखाताय?
माज्या होडीचं असंच झालेलं. पंप बरा, नोझल बरी.
टाकीच्या नळीत घाण.
पोटाला मिळंल का नाय, हेच त्याला ठावं नव्हतं,
तर पळंल कशाला?"
बिलं ठेवली. नको नको म्हणत चहा प्याला. गेला.

डबा उचलून पुढच्या खोलीत आणला, टीव्हीला जोडला.
त्याला पडदा असा कधी नव्हताच.
चालू होताना पाच सेकंद, पांढऱ्या अक्षरांत:
अडॅप्टर ओळखता आला नाही. मी हळू चालेन.

दसऱ्यापासून दर वेळी हेच सांगत असणार,
बोयांना, फळीला, भिंतीवरल्या पालीला.

प्लगच्या पोटात, मधोमध, सुईएवढी पिन.
वीज तिच्यातून येत नाही. ती फक्त नाव सांगते:
मी अमक्या घरची, पासष्ट वॅटची, ओढा हवं तेवढं.
कल्हई गेलेल्या पितळीत ताक कळकतं
तसा तिच्यावर हिरवा थर.
खारा वारा खिळे खातो, बिजागऱ्या खातो,
आमची गॅसची शेगडी त्याने तीन वर्षांत संपवली;
नाव खाईल असं वाटलं नव्हतं.

काडीला कापूस, कापसाला स्पिरिट.
चष्मा दोनदा बदलला.

आठ. बारा. एकोणीस. सव्वीस.
एकतीस लाख, आणि पंखा शिट्टी घालायला लागला.
खोलीत मी एकटी.
एकवार, दोनवार, मोठ्याने म्हटलं,
तीनवार म्हणायचं धाडस झालं नाही.

गव्हर्नर पहिल्यासारखा केला, गरजेप्रमाणे.
रात्री दीडला पाणी प्यायला उठले, सवयीने मोबाइलवर पाहिलं:
आठ लाख.
पोटात गोळा आला.
मग नजर खाली गेली.
त्या पेटीतल्या पावत्या संपल्या होत्या.
शेवटची: सुरमई, बारा किलो, उधार.

तरी खात्री नको का.
एक जुनंच पान त्याच्यापुढे पुन्हा टाकलं.
मागच्या खोलीतून पंख्याचा आवाज आला
आणि मी दिवा न लावता, तांब्या हातात धरून,
मोजत राहिले.
सात. आठ. नऊ.