दोन दोऱ्यांची टीप

लहेरीपुरा दरवाज्याच्या आत, बांगड्यांच्या दुकानाला लागून
माझं फॉल-पिकोचं दुकान: साडेसहा फूट रुंद.
आषाढात ऑनलाइन मशीन मागवलं पिकोचं,
तेरा हजार आठशे.

खोकं आलं ते चपलेच्या खोक्याएवढं.
आत मशीनच होतं, खोटं कशाला बोलू,
पांढरं, तळहातावर मावणारं,
दोन पेन्सिल सेलवर चालणारं.
शेजारची तस्नीम हसली,
मग माझा चेहरा बघून बांगड्या पुसायला लागली.

पैसे डेबिट कार्डानं भरलेले. ह्यांचाच आग्रह.
प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात एकोणतीस वर्षं,
शेव-उसळीच्या गाडीवरसुद्धा आधी पैसे देणार, मग पाव मोडणार.
"आहे त्यातलं द्यायचं. नाही ते मागवायचं नाही."
ओटीपी सांगताना आवाज कसा ताठ होता,
सहा आकडे, पाढे म्हटल्यासारखे.
लगेच मेसेज. गेले.

बँकेतला ध्रुवेश वाईट नव्हता.
पाणी दिलं, फॉर्म दिला.
"बेन, पैसा तो तमारा ज हता ने," म्हणाला,
"बँकना होत तो..." आणि थांबला.

ते अर्धं वाक्य मी घरी आणलं, कणकेत मळलं.
बँकेचे असते तर बँक धावली असती.
माझे होते, मी धावले:
तीन अर्ज, खोक्याचे फोटो पट्टीसकट, मशीनशेजारी माझा हात,
त्रेपन्न दिवस.

आले शेवटी. आले, हे सांगायलाच हवं.
पण मधे गणपती येऊन गेले,
सईच्या क्लासची फी थकली,
आणि उभ्या जन्मात कुणाचं देणं न ठेवलेल्या ह्यांनी
वर्कशॉपातल्या कुणाकडून तरी पाच हजार घेतले.
कुणाकडून, ते अजून सांगत नाहीत.

दिवाळीआधी मी क्रेडिट कार्ड घेतलं.
मंदाकिनी वाय फणसे, उठावदार अक्षरं, बोटाला लागणारी.
ह्यांनी दोन दिवस त्याला हात लावला नाही.

दुसरं मशीन खरं आलं, पण चाकाला तडा.
फोन केला तर पलीकडची बाई मऊ आवाजात म्हणाली,
"चौकशी होईपर्यंत ही रक्कम भरू नका, मॅडम."
भरू नका!
मी फोन ठेवल्यावरही तसाच कानाशी धरून बसले.
असं कोण कधी म्हणालं होतं मला?

आता तडा नसलेलं मशीन आहे. आणि मला जे कळतं ते टाक्यांतलं कळतं.
त्या खेळण्याला दोरा एकच. साखळीटाका घालतं,
दिसतो नीट, पण एक टोक ओढा,
सगळी टीप हातात.
खऱ्याला दोन दोरे: वरचा माझा,
खालचा बॉबिनचा, अंधारात.
तो धरून ठेवतो, हे खरं.
पण गुंता झाला तर तो खालीच होतो,
वरून साडी हसत असते.
म्हणून दर अठरा तारखेला, बिल आलं की,
मी कापड उलटवते. पूर्ण भरते.
"किमान देय रक्कम" असं एक गोड काहीतरी छापलेलं असतं,
पैठणीच्या घडीत बसलेल्या कसरीसारखं.
तिथे बोट थांबू देत नाही.

काल हे दुकानात आले. खेळण्यातलं मशीन उचललं,
नवे सेल घातले, स्वतःच्या रुमालाला टीप मारली.
टोक धरून ओढली. सरसर निघाली.
पुन्हा मारली. पुन्हा ओढली.
मग पाठमोरेच म्हणाले, "उद्या अठरा ना?"

मी हूं म्हटलं.
गिऱ्हाईक उभं होतं,
साडीचा काठ उलटा करून बघत.