दहा वर्षांचा रकाना

शेठ म्हणाले, तक्ता कर.
डावीकडे जुना कंट्रोल, उजवीकडे पीसी.
आजची किंमत नको, ती कुणीही सांगेल,
दहा वर्षांची सांग.

रबाळे एमआयडीसीत, आर ब्लॉकमधल्या आमच्या शेडमध्ये
खोक्यांचं मशीन नंबर तीन
माझ्या थोरल्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठं आहे.
पॅनेलचं दार उघडलं की अजून येतो तापल्या वार्निशचा वास,
आणि करड्या पीएलसीवरचे हिरवे दिवे
एकेक करून लागतात, विझतात,
जुन्या कारकुनाने चिल्लर मोजावी तसे.

मी लिहीत गेलो.
पीएलसी: कंपनीने बनवणं बंद केलं, दोन हजार चौदाला.
आउटपुट कार्ड मिळतं लॅमिंग्टन रोडला, वापरलेलं,
वॉरंटी म्हणजे दुकानदाराची शपथ.
प्रोग्राम उघडतो एकाच लॅपटॉपवर,
ज्याची बिजागरी तारेने बांधलीय,
ज्याला तो नऊ पिनांचा पोर्ट आहे
आणि ज्याला मी शेठनाही हात लावू देत नाही.

पीसी: अर्ध्या किमतीत दुप्पट अक्कल.
कुठे अडलंय ते पडद्यावर, मराठीत.
पण लायसन्स, दर तीन वर्षांनी.
पण पंख्याची जाळी, कागदाच्या धुळीने आठवड्यात बुजणारी.
पण भर पाळीत अपडेट, आणि गोल गोल फिरणारं ते चाक,
बाहेर ट्रकवाला बिडी विझवून दुसरी पेटवतोय.
पण ऋजुता केणी, जिला हे सगळं येतं
आणि जिला महापेहून फोन येऊ लागलेत.

सातव्या वर्षी पीसी पुढे जात होता. थोडाच.

दुपारच्या चहाला मढवींनी तक्ता ओढला,
कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
"खोटा हाय," म्हणाले.
"जुन्याच्या मेंटेनन्सला शून्य?"
तुम्ही करता ना, मी म्हटलं.
"मंग मी काय फुकटचा?"

माझ्याच पेन्सिलीने ते सांगत सुटले:
घणसोलीहून रात्री सायकलने आलो ते मांड.
धाकट्या भावाच्या हळदीतून उठून आलो,
बँजो वाजत होता, अंगाला हळद तशीच,
आणि सापडलं काय, तर एक सैल स्क्रू. तो मांड.
आता वायरीवरचा नंबर वाचायला पोरगा लागतो,
त्याचा पगार मांड.
ऑक्टोबरात मी सुटलो की पुढचं सगळंच मांड.

ओळीओळीला जुना कंट्रोल महाग होत गेला,
ओळीओळीला मढवी खूश.
"पीसीच घ्या," म्हणाले,
"रात्री दोनला त्याच्या बायकोला उठवा."

एक घर तेवढं राहिलं.
कॉन्टॅक्टरची खटखट जरा जड झाली
की मशीन अडकायच्या दोन खोकी आधीच
हा माणूस डबा अर्धा टाकून उठतो.
त्याला काय लिहायचं? तास? रुपये?
मी ते कोरंच ठेवलं.
एक्सेल कोऱ्या घराला बेरजेत शून्य धरतं.
शेठना बेरीज आवडली. ऑर्डर गेली.

काल पीएलसीचा लाल दिवा लागला, बॅटरीचा.
राहू द्या, मी म्हटलं, तीन महिन्यांत भंगारात जाणार.
त्यांनी ऐकलं नाही.
वीज चालू ठेवूनच बदलली,
बंद केली तर सगळं विसरतो तो.
मग दाराच्या आतल्या बाजूला, जुन्या चार तारखांखाली
मार्करने कालची तारीख घातली
आणि तिच्यापुढे, सवयीने,
पुढच्या बदलीची:
पाच वर्षांनंतरची.