पितळ उघडं पडतं तेव्हा

बेलझोनीच्या बाहेर, मासळी कारखान्याकडे रस्ता वळतो तिथं
माझं गहाणवटीचं दुकान.
काउंटरमागे तीन गिटारी टांगलेल्या, तिन्ही धातूच्या अंगाच्या.
दोन सोडवायला कुणी आलं नाही,
तिसरी खोक्यातून नवी आलेली, जहाजानं.

शनिवारी अर्नेस्टीन प्यू आली, पाळी संपवून.
बूट धुतलेले, तरी वास बरोबर होताच.
म्हणाली, "तीनशे चाळीस आहेत. कर धरून."

मी पहिली काढली ती पितळेची, वर निकेल.
कुणाचं तरी कोपर वर्षानुवर्षं घासून
एका जागची कल्हई गेलेली.
तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं:
"हिचं पितळ उघडं पडलंय."
सहाशे पन्नास, मी म्हणालो,
आणि ती हसली,
जशी मुकादमावर हसत असेल.

दुसरी आरशासारखी. अंगावर ताडाची झाडं कोरलेली,
आत ॲल्युमिनियमचा कोन, कागदाइतका पातळ.
तार छेडली की मागून एक माशी गुणगुणायची.
तिसरी पोलादी, हिरवा रंग उडालेला,
बगलेत पोचा, मान किंचित वाकडी.
चिठ्ठीवर दोनशे चाळीस.

बाजारात मडकं घेतात तशी
तिनं तिन्ही वाजवून पाहिली, बोटाच्या पेरानं.
डाव्या हाताची दोन बोटं तिची मिटत नाहीत,
सव्वीस वर्षं सुरी आणि बर्फ.
खिशातून काचेची नळी काढली,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचा गळा,
कडा दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या.

मग मी माझं ज्ञान पाजळलं.
पितळ गोड बोलतं, उशिरापर्यंत बोलतं,
पोलाद तोंडावर बोलतं आणि गप्प होतं,
कोन बदलता येतो, पत्रा बदलता येत नाही,
थोडे थांबा, पैसे साठवा, पितळच घ्या.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
"हे झालं तुमच्या कानांचं," म्हणाली
आणि तिन्ही गिटारी एकेक करून
बाहेर उभ्या पिकअपकडे नेल्या.

आत होझिया बसलेला. तिचा नवरा.
सरकी काढायच्या यंत्रापाशी एकतीस वर्षं,
कान तिथंच राहिले.
काच खाली होती. तिनं गिटार दाराला टेकवली,
त्यानं पाठीच्या पत्र्यावर तळवा ठेवला
आणि डोळे मिटले.

पितळेला त्यानं मान हलवली, बरी आहे अशी.
ताडाच्या झाडांवरून हात काढून घेतला,
पाल चढावी तसा.
हिरवीला मात्र
दुसराही हात लावला. मग कपाळ.
नळी तारेवरून वर चढली, थरथरली,
आणि तो ओरडला, त्याला वाटलं हळूच बोलतोय:
"ही भांडते! हीच घे!"
समोरच्या पेट्रोल पंपावरची माणसं वळून बघू लागली.

मी प्रामाणिकपणे सांगितलं, हिची मान वाकडी आहे.
"माझीपण," ती म्हणाली.
नळीनं वाजवणाऱ्याला तारा उंचच लागतात,
हे मला माहीत होतं, तरी सांगितलं.
घासाघीस केलीच तिनं. दोनशे पंधरा.
वर तारांचा एक जोड माझ्याकडून.
उरलेल्या पैशांत आता जेवायला जाऊ, म्हणाली,
मासा सोडून काहीही.

दुकान बंद केल्यावर
औषधाच्या डबीतला कापूस मी दोन्ही कानांत कोंबला,
पितळेची गिटार मांडीवर घेतली,
तळवा लावून एक तार छेडली.
पुन्हा छेडली.
हाताला गुदगुल्या झाल्या, एवढंच.
काय ऐकायचं असतं तिथं, कळलं नाही.
पुसून परत टांगताना पाहिलं,
माझ्या अंगठ्याखाली
कल्हई अजून थोडी गेली होती.