काटा

सोहार बंदराच्या फाटकावर विश्राम ट्रक तोलतो.
आधी रिकामा, मग भरलेला,
मधला फरक म्हणजे माल.
दिवसाला दोनशे गाड्या,
आणि घरी येऊन बूट काढता काढता मला विचारतो,
"मग? तुझा काटा काय म्हणतो?"

माझा काटा काहीच म्हणत नव्हता.
लग्नात एक्केचाळीस होते, तिसऱ्या महिन्यात एकोणचाळीस.
शेजारी बांगडा तळायला घेतला
की मी गॅलरीत, नाकाशी लिंबाची फोड धरून,
बाहेर चव्वेचाळीसचा पारा,
आणि खाली रस्त्यावर एक मांजरसुद्धा नाही.
बांगडा. जो मी मालवणात काट्यासकट चावायची.

आई फोनवर, "दोन जिवांचं खा गो."
वरच्या मजल्यावरच्या खानोलकरबाई,
"फार नको हां. मूल मोठं झालं की पोट फाडतात,
आणि इथलं बिल तुला ठाऊक नाही."
दोघींच्या मधोमध मी,
पेजेच्या वाटीत चमचा फिरवत.

पाचव्या महिन्यात दवाखान्यात जाताना
गाऊनच्या खिशात घराच्या किल्ल्या टाकल्या,
विश्रामचा जुना मोबाइल,
पन्नास बैसांची मूठभर नाणी.
काट्यावर चढले तेव्हा
पोटातल्यानं जरा जास्तच जोरात हलून घेतलं,
जणू त्यालाही आकडा वाढवायचा होता.

सिस्टर झुवैना हसली नाही.
खिशाकडे बघून तिनं नुसता तळवा पुढे केला,
शाळेत बाई चिंचा काढून घ्यायच्या तसा.
किल्ल्या, मोबाइल, नाणी, टेबलावर ढीग.
आकडा अर्ध्या किलोनं खाली उतरला
आणि मी, का कोण जाणे, रडले.

मग तिनं माझाच रिपोर्ट उलटा केला
आणि मोडक्या हिंदीत हिशेब मांडला.
बाळ, तीन, सव्वातीन.
वार, पाऊण. पाणी, किलोभर.
पिशवी स्वतःच वाढते, तिचा एक.
दीड किलो रक्त, "नवीन, तुझंच, तूच बनवतेस,
कुणी देत नाही."
छातीचं थोडं.
"और ये," माझ्या कमरेला तिनं चिमटा काढला,
"ये बच्चे का नहीं, तेरा. दूध के लिए."
तिला शब्द सापडेना.
मला सापडला: बेगमी.
मृगाआधी आई पडवीत रचायची ती लाकडं,
सुकट, कोकम, पापड.
चरबी हा शब्द मी तोवर शिवीसारखाच ऐकला होता.

"तू बारीक, तुला जास्त हवं. बारा-तेराच्या वर,
अठरापर्यंत चालेल.
बाहेर ती बसलीय ना, निळ्या अबायातली, तिला कमी.
तिचा कागद वेगळा."
आणि दोघांचं जेवण? तिनं मूठ मिटून दाखवली.
एवढंच जास्त.
मूठभर डाळ, एक अंडं, ग्लासभर लबन, तीन खजूर.
आठवड्याला अर्धा किलो, घाई नाही.

विश्रामनं रात्री तो कागद दोनदा वाचला.
"म्हणजे माल सव्वातीन, बाकी सगळं पॅकिंग?"
उशी फेकून मारली.

पुढच्या पंधरवड्यात कुडाळचे एक भाऊजी आले.
विमानतळावर बॅग दीड किलोनं जास्त भरली
म्हणून त्यांनी स्वतःचे बूट मागे ठेवले,
आईचे अळिवाचे लाडू नाही.
चपलांवर आले बिचारे.
मी रोज एक खाल्ला. एकच. मोजून.

काल काट्यावर चढण्याआधी
चपला काढल्या, ओढणी, हातातल्या बांगड्याही.
सत्तेचाळीस पूर्णांक दोन.
झुवैनानं आकडा लिहिला, वर बघितलं नाही,
फक्त खजुरांचा डबा माझ्याकडे सरकवला.

घरी बांगडा तळला. काटे बाजूला काढून ठेवले,
आता इतकी घाई नव्हती.
विश्राम सांगत होता, गाडी रिकामी तोला की भरलेली,
ड्रायव्हर दोन्ही वेळा तोच बसलेला हवा,
नाहीतर फरक चुकतो.

मी म्हटलं, मग माझा चुकणार.
गाडीत चढली होती ती बाई
कुठेतरी वाटेतच उतरलीय.
त्यानं घास तोंडाशी थांबवला.
"मग आता कोण चालवतंय?"

मी पुढचा बांगडा ताटात घेतला.